पियानो कॉन्चेर्टो प्रत्यक्ष ऐकायला का जावं? हळू आवाजांसाठी

पट्टी_पाच

नमस्कार मंडळी,

पियानो आणि पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रा असा कार्यक्रम नुकताच प्रत्यक्ष ऐकला, डोक्यातून जातच नाहीये, म्हणून हा धागा काढतेय. कार्यक्रमात तीनच रचना होत्या. आधी बीथोवनचं कोरिओलान ओव्हर्चर (ऑर्केस्ट्राची छोटी रचना), मग त्याचाच चौथा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवायची रचना), आणि मध्यंतरानंतर चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी. तिन्ही रेकॉर्डिंगवर भरपूर ऐकलेल्या, त्यामुळे आता नवीन काय सापडणार असं कुणालाही वाटेल, पण कितीतरी गोष्टी मला तिथे पहिल्यांदा ऐकू आल्या आणि त्यातल्या जवळपास सगळ्या हळू आवाजाच्या होत्या.

ऑर्केस्ट्राचं नाव काढलं की लोक मोठ्या आवाजाबद्दलच बोलतात, ऐंशी-नव्वद माणसं एकदम वाजवतात आणि अंगावर काटा येतो वगैरे. ते खरंच आहे. पण मोठा आवाज घरीही काढता येतो. हळू आवाजाचं तसं नाही ना! घरी हळू जागा आली की आपला हात व्हॉल्यूमकडे जातो, म्हणजे ती जागा हळू राहतच नाही, आणि गाडीत ऐकत असाल तर ती इंजिनच्या आवाजात बुडून जाते. हॉलमध्ये ते बटण आपल्याकडे नसतं. आवाज खाली गेला की आपल्यालाच त्याच्यामागे जावं लागतं.

चौथा कॉन्चेर्टो त्यासाठी अगदी बघण्यासारखा आहे. त्या काळची रीत अशी की आधी ऑर्केस्ट्रा दोन-तीन मिनिटं सगळ्या धुना मांडणार आणि मग सोलोइस्ट, म्हणजे इथे पियानिस्ट, प्रवेश करणार. इथे बीथोवनने उलटं केलंय. कंडक्टर हात खाली ठेवून उभा, सगळा ऑर्केस्ट्रा गप्प आणि पियानो एकटाच सुरू होतो, तोही हळू, पाचच बार (तालाचे छोटे गट). मग तंतुवाद्यं उत्तर देतात ती त्याहून हळू आणि भलत्याच स्वरातून, पियानो जी मेजरमध्ये बोलला तर हे बी मेजरमध्ये. रेकॉर्डिंगवर हे छान वाटून पुढे निघून जातं. हॉलमध्ये मात्र पियानोचा शेवटचा सूर हवेत असतानाच व्हायोलिनवाल्यांचे गज तारांना लागताना दिसतात आणि तो दुसरा स्वर कुठून आला ते एक क्षण कळत नाही. त्यानंतर पियानिस्ट हात मांडीवर घेऊन बसतो आणि बराच वेळ नुसता ऐकत राहतो. तो कसा ऐकतोय हे बघणंसुद्धा कार्यक्रमाचा भाग आहे असं माझं ठाम मत झालंय.

आणि दुसरी मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा दुसरा भाग! जेमतेम पाच मिनिटांची. फक्त तंतुवाद्यं, सगळी मिळून एकच ओळ, कडक, दटावणारी. पियानो हळू उत्तर देतो. परत दटावणी, परत हळू उत्तर. पियानो एकदाही आवाज चढवून भांडत नाही आणि तरी हळूहळू समोरचे चाळीस-पन्नास जण नरम पडत जातात. बीथोवनने इथे पियानिस्टला जवळजवळ सगळा वेळ डावं पेडल दाबून ठेवायला सांगितलंय. त्या पेडलने आतल्या हातोड्या जरा बाजूला सरकतात, त्यामुळे त्या सगळ्या तारांवर बसत नाहीत आणि आवाज नुसता कमी होत नाही तर त्याचा पोतच बदलतो. हा पोतातला फरक मला रेकॉर्डिंगवर कधी जाणवला नव्हता.

अजून एक. दोन ट्रंपेटवाले आणि टिंपनीवाला (मोठे नगारे वाजवणारा) पहिल्या दोन मूव्हमेंट नुसते बसून असतात, म्हणजे साधारण २५ मिनिटं. एक सूर नाही. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये ते पहिल्यांदा येतात तेव्हा हॉलमध्ये दिवे वाढवल्यासारखं होतं. ते इतका वेळ थांबलेत हे डोळ्यांनी बघितलेलं असल्यामुळे त्या येण्याचं वजन वाढतं.

तुमचे अनुभव लिहा. आणि जे रेकॉर्डिंगच बरं म्हणतात त्यांनीही लिहा, मला मनापासून ऐकायचंय.

खर्जातला

मस्त धागा. कोरिओलानसुद्धा हळू संपतं हे राहिलं तुमचं. सुरुवातीला सगळी तंतुवाद्यं एक लांबलचक सूर खेचतात आणि त्यावर ऑर्केस्ट्राचा दणका बसतो, आणि शेवटाला फक्त बोटांनी छेडलेले दोन-तीन हलके सूर. कार्यक्रम आखणाऱ्याने विचार करून आखलाय, कारण चायकोव्हस्कीची सहावीसुद्धा तशीच विझत संपते.

चौथ्या कॉन्चेर्टोबद्दल थोडी भर घालतो. हा लोकांसमोर पहिल्यांदा वाजला २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नाच्या थिएटर आन डेअर वीनमध्ये, सोलोइस्ट स्वतः बीथोवन. त्याच संध्याकाळी पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी आणि शेवटी पियानो, ऑर्केस्ट्रा आणि गायकवृंद अशी कोरल फँटसी, हे सगळं पहिल्यांदा ऐकवलं गेलं. चार तासांच्या आसपास कार्यक्रम, बाहेर कडाक्याची थंडी, हॉल गरम नव्हता, सराव अपुरा. कोरल फँटसी तर मधेच कोलमडली आणि थांबवून परत सुरू करावी लागली. ऐकणं कमी झालेल्या बीथोवनने ऑर्केस्ट्राबरोबर कॉन्चेर्टोचा सोलोइस्ट म्हणून वाजवण्याची ती शेवटची वेळ. त्यानंतर हा कॉन्चेर्टो बरीच वर्षं अडगळीत होता, १८३६ मध्ये मेंडेल्सोनने लाइपझिगला तो परत वाजवला तेव्हा लोकांचं लक्ष गेलं.

त्या थंडगार हॉलमध्ये कुडकुडत बसलेल्यांना ती हळू सुरुवात कशी वाटली असेल याचा मी नेहमी विचार करतो.

सरगम_शोधक

वाचतेय. खूप छान माहिती.

नवा_श्रोता

अगदी वेळेवर आला हा धागा. मी आणि बायको पहिल्यांदाच असा कार्यक्रम ऐकायला जाणार आहोत, राखमानिनोव्हचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो आहे. आम्हा दोघांनाही पाश्चात्त्य संगीतातलं फारसं काही कळत नाही, तेव्हा जाणकारांना काही बेसिक प्रश्न. आधी ऐकून जावं की कोरं जावं? कुठल्या बाजूला बसावं? टाळ्या कधी वाजवायच्या? आणि कॅडेन्झा कॅडेन्झा म्हणतात ते नेमकं काय असतं? तिकिटं अजून काढलेली नाहीत.

बाल्कनी_डावीकडे

@नवा_श्रोता, बसण्याबद्दल मी सांगतो, माझा आवडीचा विषय आहे.

पियानो स्टेजवर आडवा ठेवतात आणि त्याचं झाकण प्रेक्षकांकडे उघडतं. म्हणजे पियानिस्टची उजवी बाजू आपल्याकडे आणि कीबोर्ड आपल्या डाव्या हाताला. त्यामुळे हात बघायचे असतील तर मधल्या रेषेच्या डावीकडे बसा, उजवीकडून चेहरा दिसतो पण बोटं झाकणाआड जातात. अगदी पुढच्या रांगांत बसू नका, तिथे पियानो डोक्यावरून जातो आणि मागची फुंकवाद्यं नीट पोचत नाहीत, दिसतात ते पियानोचे पाय आणि व्हायोलिनवाल्यांचे बूट. बाल्कनीची पहिली रांग डावीकडे मिळाली तर डोळे झाकून घ्या. तिथून हातही दिसतात आणि सगळा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा खाली पसरलेला दिसतो. धून क्लॅरिनेटकडून फ्लूटकडे गेली की आपली नजर आपोआप तिकडे जाते आणि नजर गेली की कान जातो.

काही हॉलमध्ये स्टेजच्या मागेही जागा असतात, तिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो आणि सिंफनीला फार मजा येते. पण पियानो असेल तेव्हा तिथे नका बसू, झाकण पाठ फिरवून असतं त्यामुळे पियानोचा आवाज पलीकडे जातो आणि तुमच्या वाट्याला ट्रॉम्बोन येतात.

पट्टी_पाच म्हणतात ते हळू आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात त्यात हॉलचा हात फार मोठा असतो. इथे माईक नसतात, हे नव्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. व्हिएन्नाचा म्युझिकफेराइन, १८७० चा, नुसता लांबट खोक्यासारखा आहे आणि अजून त्याचं नाव पहिल्या काहींत घेतात. बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० चा, तिथे वॉलेस सबिन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने आवाज किती वेळ घुमतो याचं गणित मांडून बांधकामाला सल्ला दिला. बर्लिनचा १९६३ चा हॉल तर पूर्ण वेगळा, ऑर्केस्ट्रा मधे आणि लोक चारी बाजूंनी. चांगल्या हॉलमध्ये आवाज थांबल्यावर साधारण दोन सेकंद घुमत राहतो. जास्त घुमला तर पियानोचे भरभर सूर एकमेकांत कालवतात, कमी घुमला तर तंतुवाद्यं कोरडी लागतात.

हेडफोन_बरा

बोलावलंच आहे तर विरोधी मत देतो.

नवा_श्रोता यांना निराश करायचं नाही, पण राखमानिनोव्ह दोन प्रत्यक्षात ऐकताना पहिल्या मूव्हमेंटला पियानो चक्क ऐकू येत नाही असं बरेचदा होतं. सुरुवातीचे पियानोचे एकट्याचे आठ कॉर्ड (एकदम वाजवलेले सुरांचे गट) संपले की मोठी धून तंतुवाद्यांकडे जाते आणि पियानिस्ट तिच्याखाली दोन्ही हातांनी जीव तोडून वाजवत असतो. दिसतो, पण ऐकू येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये पियानोजवळ माईक लावून ते सगळं बाहेर काढतात, म्हणून मला रेकॉर्डिंगमध्ये रचना पूर्ण मिळते. शिवाय शेजारच्याचा खोकला नाही, चॉकलेटचा कागद नाही, मोबाईल नाही. हळू जागांसाठी हॉलमध्ये जा म्हणता, पण खोकले नेमके हळू जागांवरच येतात! चांगला हेडफोन आणि रात्रीची वेळ, याहून शांत हॉल मला अजून भेटलेला नाही.

पट्टी_पाच

@हेडफोन_बरा, तुमचा खोकल्याचा मुद्दा मान्यच आहे, त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

पण पियानो बुडण्याबद्दल थोडं वेगळं वाटतं मला. तिथे पियानो सोलोइस्ट नाहीच, तो त्या वेळी ऑर्केस्ट्राला साथ करतोय, धून त्यांची आहे आणि पियानो तिच्याखालचं पाणी हलतं ठेवतोय. रेकॉर्डिंगमध्ये तो वर काढला की प्रत्येक सूर स्पष्ट येतो हे खरं, पण कोण मुख्य आणि कोण साथीला हे उलटं होतं. दुसऱ्या मूव्हमेंटला पण हेच आहे, पियानो हळू तिगस्त्या (तीन-तीन सुरांचे गट) वाजवतोय आणि धून आधी फ्लूटला, मग क्लॅरिनेटला. ज्याच्या नावावर तिकिटं विकली जातात तो माणूस तिथे साथ करत बसलाय आणि अजिबात घाई करत नाहीये, हे समोर बघताना फार सुंदर वाटतं. मग थोड्या वेळाने ती जागा बदलते, धून पियानोकडे येते आणि साथ दुसऱ्यांकडे जाते.

@नवा_श्रोता, म्हणून सांगते, आधी ऐकून जा. सगळं पाठ करायची गरज नाही, पण दुसरी मूव्हमेंट चार-पाच वेळा ऐका, म्हणजे तिथे गेल्यावर धून कुणाकडे आहे हे शोधत बसावं लागणार नाही. ते आठ कॉर्डही घरी मोठ्या आवाजात ऐकू नका. पहिला कॉर्ड अगदी हळू असतो आणि प्रत्येक पुढचा थोडा चढत जातो. हॉलमध्ये पहिल्या कॉर्डला शेवटच्या रांगेतला माणूसही हालचाल थांबवतो.

मागचा_बाक

मी एका हौशी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनमध्ये मागे बसतो, म्हणून स्टेजवरून हे कसं दिसतं ते लिहितो. जरा लांबेल.

पहिली गोष्ट ट्यूनिंगची. एरवी ओबो हे फुंकवाद्य ए सूर देतं आणि बाकीचे जुळवतात. ठरलेला सूर ४४० हर्ट्झचा, युरोपात पुष्कळ ठिकाणी ४४२-४४३ ठेवतात. पियानो असला की मात्र सूर पियानोकडून घ्यावा लागतो कारण स्टेजवर ऐनवेळी पियानो कोण जुळवणार, त्याला दोनशेच्या वर तारा असतात. म्हणून कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख) उठून पियानोवर ए दाबतो आणि आम्ही त्याला जुळवतो. प्रेक्षक तेव्हा गप्पा मारत असतात पण आमचा कार्यक्रम तिथेच सुरू झालेला असतो.

दुसरी गोष्ट, सोलोइस्टबरोबर सराव फार कमी मिळतो. बहुतेक ठिकाणी एक किंवा दोनदा, त्यातला एक कार्यक्रमाच्याच दिवशी. त्यामुळे खरी जुळवाजुळव लोकांसमोर चाललेली असते. लोकांना वाटतं कंडक्टर हात हलवतो आणि पियानिस्ट त्याप्रमाणे वाजवतो. उलट आहे. कंडक्टरची मान सारखी पियानोकडे वळलेली असते, सोलोइस्ट एखाद्या जागी किंचित रेंगाळला तर तेवढंच आम्हाला रेंगाळायला लावणं हे त्याचं काम. आणि आम्ही त्याच्या हाताकडे बघतो पण कान पियानोकडे असतो. मोठ्या आवाजाच्या जागा यात सोप्या असतात, एकमेकांना धरून पुढे जाता येतं. हळू जागा अवघड. गजाचा वेग जरा जास्त झाला की आपण एकटेच बाहेर दिसतो.

@नवा_श्रोता, कॅडेन्झाचं. मूव्हमेंट संपत आली की ऑर्केस्ट्रा एका अधांतरी कॉर्डवर थांबतो आणि सोलोइस्ट एकटा सुटतो. जुन्या काळी ती जागा त्याने आयत्या वेळी सुचेल तसं वाजवायला मोकळी सोडलेली असायची, आता बहुतेक जण लिहिलेली वाजवतात, चौथ्या कॉन्चेर्टोसाठी बीथोवनने स्वतः लिहून ठेवल्यात. शेवटी लांब ट्रिल येते, दोन शेजारचे सूर भरभर आलटून पालटून, आणि ती आमची खूण. तुम्ही त्या वेळी पियानिस्टकडे बघू नका, ऑर्केस्ट्राकडे बघा. इतका वेळ मांडीवर असलेली व्हायोलिनं एकापाठोपाठ वर येतात. पण राखमानिनोव्ह दोनमध्ये असली मोठी ठरीव जागा नाही, त्यामुळे तिथे तिची वाट बघत बसू नका.

सुरुवातीला ऑर्केस्ट्रा वाजवत असताना पियानिस्ट काय करतो याचा एक प्रसिद्ध व्हिडिओ आहे तो जमलं तर शोधून बघा. ॲम्स्टरडॅमला दुपारचा कार्यक्रम, कंडक्टर रिकार्डो शाय्यी, पियानोवर मारिया जुआँव पिरेस. त्या मोझार्टचा दुसराच कॉन्चेर्टो धरून आलेल्या आणि ऑर्केस्ट्राने सुरू केला डी मायनर! त्यांचा चेहरा पडलेला दिसतो, त्या कंडक्टरला सांगतात, तो वाजवणं न थांबवता त्यांना धीर देतो, आणि त्यांची वेळ येते तेव्हा त्या सगळा पाठ वाजवतात. त्या कॉन्चेर्टोतसुद्धा पियानो अगदी हळू, एकट्या ओळीने प्रवेश करतो.

खर्जातला

@मागचा_बाक, फार छान लिहिलंय, असं आतलं कुणी सांगत नाही.

सोलोइस्ट आणि कंडक्टरचं जमलं नाही तर काय, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ६ एप्रिल १९६२ चं, न्यूयॉर्कमध्ये. ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो, पियानोवर ग्लेन गूल्ड. गूल्डला तो खूप संथ हवा होता आणि कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनला ते पटत नव्हतं, तर बर्नस्टाइनने आधी लोकांसमोर येऊन सांगितलं की ही कल्पना माझी नाही, पण ती ऐकण्यासारखी आहे म्हणून मी कंडक्ट करतोय. आणि मग खरंच गूल्डच्या लयीत कंडक्ट केलं.

शिस्त_हवी

टाळ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. साधा नियम आहे, रचना पूर्ण संपेपर्यंत टाळी नाही. मूव्हमेंटच्या मधे अजिबात नाही. कंडक्टरचे हात खाली आले आणि तो वळला की वाजवा. धाग्याच्या विषयाला धरूनच सांगतो, चायकोव्हस्कीच्या सहावीत तिसरी मूव्हमेंट जोरदार मार्चवर संपते आणि जवळजवळ दर वेळी अर्धा हॉल टाळ्या वाजवतो. त्यानंतरची संथ मूव्हमेंट त्या कडकडाटाला लागूनच यायला हवी, काही कंडक्टर त्यासाठी मधे थांबतही नाहीत. टाळ्यांनी ते सगळं पुसलं जातं.

पट्टी_पाच

आमच्या इथेही झाल्या त्या टाळ्या, बऱ्याच मोठ्या.

तानपुरा_जुळव

@शिस्त_हवी, थोडं असहमत. हा नियम वरून पडलेला नाही. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आनंदाने सांगितलंय की पहिल्या मूव्हमेंटच्या मधेच एक जागा होती, ती लोकांना आवडणार हे मला माहीत होतं, आणि तिथेच टाळ्या पडल्या. मधे, वाजत असताना! बीथोवनच्या सातव्या सिंफनीची दुसरी मूव्हमेंट तर १८१३ मध्ये पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी परत वाजवायला लावली. सगळं संपेपर्यंत हूं की चूं नाही ही पद्धत बरीच नंतर रुळली. चांगली जागा आली की दाद निघून जाते, ती दाबून धरायची सवय आपल्या कानांना नाही आणि त्यात गैर काही आहे असं मला वाटत नाही. राखमानिनोव्हची पहिली मूव्हमेंट ठसक्यात संपते, तिथे कुणी दोन टाळ्या वाजवल्या तर काय बिघडतं?

शिस्त_हवी

@तानपुरा_जुळव, तेव्हाची रचना तेव्हाच्या लोकांसाठी होती. चायकोव्हस्कीने १८९३ मध्ये जो शेवट लिहिलाय तो शांततेसाठीच लिहिलाय, त्याला टाळी नको म्हणणं ही माझी हौस नाही. मोझार्टच्या वेळी वाजवा टाळ्या, मी काही बोलणार नाही.

मागचा_बाक

दोघांचंही पटतं. स्टेजवरून सांगायचं तर मधल्या टाळ्यांचा आम्हाला राग येत नाही, लोकांना आवडलं हे कळतं. त्रास होतो तो शेवटच्या घाईच्या टाळीचा. सहावीच्या शेवटी चेलो आणि डबल बास खाली खाली जात विझतात, आणि गज तारेवर असतानाच कुणीतरी ब्राव्हो ओरडतो. तो शेवटचा सूर आम्ही अख्खा कार्यक्रम राखून ठेवलेला असतो.

सहावीचं निघालंच आहे तर त्या शेवटच्या मूव्हमेंटमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. सुरुवातीची ती उतरत जाणारी धून आहे ना, ती कुणीच वाजवत नाही! पहिल्या व्हायोलिनला तिचा एक सूर, पुढचा सूर दुसऱ्या व्हायोलिनला, मग परत पहिल्यांना. आमच्या कागदावर नुसत्या वेड्यावाकड्या उड्या दिसतात, एकट्याने घरी वाजवलं तर त्यात धून सापडतच नाही. दोन्ही गट एकत्र वाजले की ऐकणाऱ्याच्या कानात ती तयार होते. पुढे तीच धून परत येते तेव्हा मात्र चायकोव्हस्कीने ती सरळ पहिल्या व्हायोलिनला दिलीय. जिथे पहिली आणि दुसरी व्हायोलिनं स्टेजच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवतात तिथे हा फरक ऐकू येतो, एकदा ती धून दोन्ही बाजूंनी हलत येते आणि एकदा एकाच बाजूने. हेडफोन_बरा, तुम्ही पण ऐकून बघा, डाव्या-उजव्या कानात चांगलं कळेल बहुतेक.

हेडफोन_बरा

@मागचा_बाक, आत्ता तशी मांडणी असलेलं रेकॉर्डिंग शोधून ऐकलं. खरंच आहे! इतकी वर्षं ऐकतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि हो, हे समोर बसून बघायला आवडेल, एवढं मी कबूल करतो.

हळू आवाजाच्या बाबतीत एक माहिती माझ्याकडून. त्याच सिंफनीच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये क्लॅरिनेटची धून विझत जाते आणि शेवटचे चार सूर बसून (bassoon) या खर्जातल्या फुंकवाद्याला दिलेत, तिथे चायकोव्हस्कीने पी हे अक्षर सहा वेळा लिहिलंय, म्हणजे हळूच्याही पलीकडचं हळू. बसूनवर तेवढं हळू वाजवणं फार कठीण म्हणून पुष्कळ ठिकाणी ते सूर बेस क्लॅरिनेटवर घेतात. आणि लगेच पुढच्या क्षणी सगळ्या ऑर्केस्ट्राचा स्फोट. रेकॉर्डिंगवर मी त्या चार सुरांसाठी आवाज वाढवतो आणि मग स्फोटाला दचकून कमी करतो. हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, तो मलाही टाळता आलेला नाही.

सरगम_शोधक

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, पियानो शिकते. तिला न्यावं का? दोन तास बसेल का ही काळजी आहे.

बाल्कनी_डावीकडे

@सरगम_शोधक, आधी त्या हॉलचा लहान मुलांबाबतचा नियम बघून घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. नियमात बसत असेल तर जरूर न्या. साधारण क्रम असा असतो, सुरुवातीला दहा मिनिटांचं ओव्हर्चर, मग पियानो, मग मध्यंतर, मग सिंफनी. पियानो पहिल्या भागातच संपतो, त्यामुळे ती कंटाळली तर मध्यंतरात निघता येतं. ओव्हर्चरनंतर पियानो स्टेजच्या मधोमध आणतात तेसुद्धा मुलांना फार आवडतं, पावणेतीन मीटर लांब आणि जवळपास पाचशे किलोचं वाद्य दोन-तीन माणसं सफाईने ढकलत आणतात, काही हॉलमध्ये तर ते स्टेजखालून लिफ्टने वर येतं. कीबोर्डच्या बाजूला बसवा तिला, म्हणजे डावीकडे. कॉन्चेर्टो संपल्यावर लगेच उठू नका, टाळ्या थांबत नसतील तर पियानिस्ट बरेचदा एन्कोअर म्हणून एखादी छोटी रचना एकट्याने वाजवतो, आणि ती कधीकधी अशी साधी असते की शिकणाऱ्या मुलांनीही वाजवलेली असते.

पट्टी_पाच

@सरगम_शोधक, निघायच्या आधी तिला एकच काम द्या, पियानो गप्प असतो तेव्हा पियानिस्ट कुणाकडे बघतो ते शोधायचं. चौथ्या कॉन्चेर्टोच्या तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये पियानो पहिल्यांदा बोलतो तेव्हा त्याच्याखाली एकच चेलो वाजत असतो, बाकी चेलो गप्प. मी ऐकला तो पियानिस्ट तेवढा वेळ मान वळवून त्या चेलोवाल्या बाईंकडे बघत होता. असल्या गोष्टी मुलांना आपल्याआधी दिसतात.

नवा_श्रोता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बायकोबरोबर दुसरी मूव्हमेंट दोनदा ऐकली, फ्लूट आणि क्लॅरिनेट आम्हाला ओळखू आले, खाली पियानोच्या तिगस्त्या पण कळल्या. बाल्कनीत डावीकडे पहिल्या रांगेतल्या दोन जागा शिल्लक होत्या, त्या घेतल्या.

अजून एकच प्रश्न राहिला. मध्यंतरानंतर ब्राम्सची दुसरी सिंफनी आहे, तिच्यासाठी आधी काय ऐकून ठेवू?

खर्जातला

@नवा_श्रोता, पहिली पाच मिनिटं ऐका फक्त. अगदी सुरुवातीला चेलो आणि डबल बास तीन सूर हळूच वाजवतात, खाली जाऊन परत वर, आणि लगेच हॉर्न येतात. ते तीन सूर नीट लक्षात ठेवा, पुढे ते जागोजागी भेटतील.